हा माणूस मला आधी कुणी सांगितला का नाही?

स्वित्झर्लंडची राजधानी बर्न. तिथलं जागतिक टपाल संघटनेचं कार्यालय, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पंखाखालची नोकरी. भरभक्कम पगार, बर्फाचे डोंगर, मुलींच्या चांगल्या शाळा. आणि नुकती चाळिशी ओलांडलेला एक मराठी अधिकारी ते सगळं सोडून देतो, बायको-मुलींसह भारतात परततो, पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण नावाच्या गावात कोरडवाहू जमीन विकत घेतो आणि सांगतो, आता मी शेती करणार! तीन-चार वर्षांत हाच माणूस मुंबई-आग्रा रस्ता बंद पाडतो, आणखी काही वर्षांनी लाखभर शेतकरी बायकांना चांदवडच्या मैदानावर जमवतो, पुढे राज्यसभेत जातो आणि तिथे एका ऐतिहासिक विधेयकाच्या विरोधात एकटा, अक्षरशः एकटा, मत देतो.

शरद जोशी! नाव अर्थातच कानावरून गेलेलं होतं. वर्तमानपत्रात ‘शेतकरी नेते’ या दोन शब्दांमागे लपलेलं एक नाव, एवढंच. चाकणला नोकरीला लागल्यावर कंपनीच्या बसमधून जाताना आंबेठाणची पाटी रोज दिसायची. आजूबाजूला मोटारींचे कारखाने, कंटेनरच्या रांगा, धूळ. या धुळीत कधीकाळी कांद्याच्या गाड्या उभ्या राहून देशाच्या राजकारणाला धक्का बसला होता, हे त्या बसमधल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका सहकाऱ्याच्या घरी ‘अंगारमळा’ हे शरद जोशींचं पुस्तक हाती लागलं, त्यानंतर भानू काळे यांनी लिहिलेलं ‘अंगारवाटा’ हे चरित्र मिळवलं, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला थांबवून ही गोष्ट सांगते आहे. आता तुम्हाला सांगते.

जन्म ३ सप्टेंबर १९३५, सातारा. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात वाणिज्य शाखेचं शिक्षण, थोडे दिवस प्राध्यापकी, १९५८ मध्ये स्पर्धा परीक्षा देऊन भारतीय टपाल सेवेत, दहा वर्षांनी बर्न. इथवर सगळं सरळ. बर्नमध्ये मात्र या माणसाला एक प्रश्न छळू लागला. गरीब देशांच्या नावानं एवढा पैसा इकडून तिकडे जातो, एवढ्या परिषदा होतात, मग गरिबी हटत का नाही? त्यांना दिसत होतं की मदत गरीब देशांतल्या श्रीमंतांपाशीच अडकते. गरिबीचं मूळ शोधायचं तर ते शेतीत, त्यातही कोरडवाहू शेतीत सापडेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. आता असं मनानं घेणारे पुष्कळ असतात. ते लेख लिहितात. शरद जोशी नोकरीचा राजीनामा देऊन १९७७ मध्ये आंबेठाणला शेत नांगरायला लागले.

मला पहिल्यांदा खिळवून ठेवलं ते इथेच, आणि त्याचं कारण त्याग नाही. त्याग खूप जणांनी केला आहे. या माणसानं हिशोब ठेवला! बियाणं, खत, मजुरी, पाणी, बैल, गुंतवलेल्या पैशाचं व्याज, स्वतःच्या घामाची किंमत, माल बाजारात नेण्याचं भाडं, हमाली, तोलाई, आडत. टपाल खात्यात आकडेमोडीत मुरलेल्या अधिकाऱ्यानं एका शेताचा जमाखर्च जसा मांडायला हवा तसा मांडला. आणि उत्तर आलं, तोटा. पुन्हा मांडला. पुन्हा तोटा.

त्या काळात शेतकरी गरीब का, याची उत्तरं तयार होती. तो अडाणी आहे, आळशी आहे, लग्नात पैसा उडवतो, दारू पितो, नवं तंत्र घेत नाही, जमिनीचे तुकडे फार झालेत. शहरात बसलेल्या प्रत्येकाजवळ यातलं एक तरी उत्तर होतं, आणि खरं सांगायचं तर आजही आहे. पण इथे एक उच्चशिक्षित, भांडवल असलेला, निर्व्यसनी, पहाटे उठून शेतावर राबणारा माणूस होता. त्याचं सगळं बरोबर होतं आणि तरीही वही तोटाच सांगत होती. मग चूक शेतकऱ्यात कशी असेल? चूक भावात होती. आणि तो भाव आपोआप पडत नव्हता, पाडला जात होता. भाव वर जायला लागला की निर्यातबंदी, लेव्ही, जिल्हाबंदी, परदेशातून आयात. भाव कोसळला की मात्र सगळीकडे शांतता. कारखान्यांना कच्चा माल स्वस्त हवा आणि शहरांना धान्य स्वस्त हवं, म्हणून सरकार शेतीला ठरवून तोट्यात ठेवतं, हा त्यांचा निष्कर्ष. शेतकऱ्याच्या कर्जाकडेही त्यांनी याच वहीतून पाहिलं. ज्याला ठरवून तोट्यात ढकललं, त्याचं कर्ज हा त्याचा गुन्हा कसा होईल? म्हणून त्यांनी माफीची भाषाच नाकारली. माफी गुन्हेगाराला असते, शेतकऱ्याला हवी कर्जमुक्ती.

मला अर्थशास्त्र कळत नाही म्हणून आजवर मी असली पुस्तकं बाजूला सारायची. पण हे अर्थशास्त्र नाशिकच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात भिंतीच्या खिळ्याला लटकलेलं असतं! ‘उलटी पट्टी’ माहीत आहे तुम्हाला? शेतकरी कांदा घेऊन बाजार समितीत जातो, लिलाव होतो, आडत्या विक्रीची चिठ्ठी हातात देतो, तिला पट्टी म्हणतात. त्या पट्टीत विक्रीच्या रकमेतून भाडं, हमाली, तोलाई वजा होते. भाव फारच कोसळलेला असला की वजाबाकी उलटी पडते, आणि माल देऊन शेतकऱ्यानंच खिशातून पैसे भरायचे, असा कागद हातात येतो. निफाड तालुक्यातल्या माझ्या मामाच्या घरी असा कागद मी लहानपणी पाहिला होता. तो का जपून ठेवलाय हे मला आत्ता, ही पुस्तकं वाचल्यावर समजलं.

मी मामाला फोन केला. म्हटलं, मामा, तू शरद जोशींना पाहिलंयस?

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाला, “अगं, पाहिलंय काय? साहेबांसाठी तुरुंगात गेलोय मी.”

माझ्या मामानं! जो मामा मला फक्त द्राक्षाची फवारणी, पाऊस आणि लोडशेडिंग यांबद्दल बोलणारा माणूस म्हणून माहीत होता, त्यानं! त्या रात्री तो किती वेळ बोलत होता आणि मी किती वेळ ऐकत होते, याची शुद्ध दोघांनाही राहिली नाही.

गोष्ट चाकणपासून सुरू होते. १९७८ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, भाव मातीमोल झाला, आणि चाकणच्या बाजारात शेतकऱ्यांचं पहिलं आंदोलन उभं राहिलं. ९ ऑगस्ट १९७९ ला शेतकरी संघटना रीतसर स्थापन झाली. मग भामनेरच्या खोऱ्यातल्या रस्त्यासाठी तिथल्याच वांद्रे गावापासून चाकणपर्यंत असा मोठा पायी मोर्चा, मग १९८० च्या सुरुवातीला पुणे-नाशिक रस्त्यावर कांद्यासाठी रास्ता रोको. त्या रस्त्याचा अपवाद सोडला तर कार्यक्रम एककलमी होता, शेतीमालाला उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव. बाकी सगळ्या मागण्यांना या माणसानं ठाम नकार दिला. शाळा द्या, दवाखाना द्या, सवलत द्या, हे मागायचंच नाही. घामाचे दाम द्या, बाकीचं आमचं आम्ही बघू. “भीक नको, हवे घामाचे दाम” ही घोषणा मी याआधी एखाद्या एसटी स्थानकाच्या भिंतीवर पुसट झालेली वाचली असेल. आता ती वाचताना अंगावर काटा येतो, कारण तिच्यामागची वही दिसते.

आणि मग नाशिक. १० नोव्हेंबर १९८०. उसाला टनाला तीनशे रुपये आणि कांद्याला रास्त भाव, यासाठी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला, रेल्वे अडवली गेली. पिंपळगाव बसवंतचे माधवराव मोरे, निफाडचे प्रल्हाद पाटील कराड ही माणसं पुढे होती. मामा तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. तो सांगत होता की ऊस आणि कांदा हे दोघे एका रस्त्यावर बसले, हीच खरी नवलाई. ऊसवाला म्हणजे पाण्याचा, पैशाचा, साखर कारखान्याच्या राजकारणातला. कांदेवाला म्हणजे त्या वर्षीच्या नशिबाचा. त्यांची सोयरीक नसायची. शरद जोशींनी दोघांना एकाच वहीतला तोटा दाखवला. तुरुंग भरून गेले. खेरवाडीला रेल्वेमार्गावर गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारला उसाच्या भावाबाबत अखेर नमतं घ्यावं लागलं.

“आणि साहेब बोलायला उभे राहिले की,” मामा म्हणाला, “हातवारे नाहीत, आरडाओरडा नाही. शांतपणे गणित सांगायचे. माझ्या शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, एवढं म्हटलं की समोरची गर्दी चूप. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो की आम्ही मूर्ख नाही.”

आम्ही मूर्ख नाही. मी हे वाक्य लिहून ठेवलं.

निपाणीबद्दल वाचताना मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. १९८१ चा मार्च-एप्रिल. कर्नाटकातल्या मराठी मुलखातला तंबाखू शेतकरी. व्यापारी म्हणेल तो भाव, व्यापारी म्हणेल ते वजन, पैसे व्यापाऱ्याच्या मर्जीनं. हे शेतकरी बैलगाड्या घेऊन, बायकामुलांसह पुणे-बेंगळुरू महामार्गावर येऊन बसले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ उठलेच नाहीत. तिथेच चुली, तिथेच मुक्काम, तिथेच भजन आणि भाषणं. त्या वस्तीला ‘आंदोलननगर’ असं नाव पडलं. त्याहून विलक्षण म्हणजे प्रा. सुभाष जोशी यांनी संघटित केलेल्या विडी कामगार बायका तंबाखू शेतकऱ्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. बारा जण मेले. बारा! माझ्या शालेय पुस्तकात हे एका ओळीनंही आलं नाही, आणि निपाणीवरून मी कोल्हापूर-बेळगाव असा प्रवास कितीदा तरी केला आहे.

इथून पुढे संघटना विदर्भ-मराठवाड्यात कापसापर्यंत पोचली, अधिवेशनं होत गेली, सटाणा, परभणी, धुळे. छातीवरचा लाल बिल्ला ही ओळख झाली. राजीव गांधींच्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्याला झुकतं माप दिलं तेव्हा कापूस शेतकऱ्यांनी त्या कापडाला ‘राजीवस्त्र’ असं नाव देऊन त्याची होळी केली. भराभर सांगते आहे, कारण मला चांदवडला पोचायची घाई झाली आहे.

चांदवड, नोव्हेंबर १९८६. शेतकरी महिलांचं अधिवेशन. लाखाच्या आसपास, काही जण सांगतात त्याहूनही जास्त बायका आल्या. ज्या कधी माहेराखेरीज कुठे गेल्या नव्हत्या, त्या भाकरीची गाठोडी घेऊन, कडेवर पोरं घेऊन आल्या. माझी मामी त्यांच्यात होती, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. तिला मी विचारलं, काय आठवतं? ती म्हणाली, “बायकाच बायका. मागं वळून बघितलं तरी बायका. आणि पुरुष कुठं होते सांगू? पाणी वाटत होते.”

अधिवेशनाआधी आंबेठाणला बायकांची शिबिरं झाली होती. तिथे शरद जोशी भाषण ठोकत बसले नाहीत, त्यांनी बायकांना बोलतं केलं. पहाटे किती वाजता उठता, पाणी किती लांबून आणता, शेतात किती तास, घरात किती तास, रात्री किती वाजता पाठ टेकते. पुन्हा हिशोब! तोच माणूस, तीच वही, फक्त या वेळी पान घराच्या आतलं. त्यातून ‘चांदवडची शिदोरी’ नावाची छोटी पुस्तिका निघाली. शेतीतली लूट सुरू झाल्यापासून बाईचं दुय्यमपण कसं वाढत गेलं, याची त्यांची मांडणी तिच्यात आहे. तिच्यातलं सगळं पटलंच पाहिजे असं नाही. पण शेतीच्या भावावर रस्त्यावर उतरलेली एक चळवळ बाईच्या घरातल्या श्रमाकडे अशी वळते, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सगळ्या जागा बायकांनीच लढवाव्यात असा ठराव करते, आणि तेही पंचायतींत बायकांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती यायच्या कितीतरी आधी! त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात मेटीखेड्याला आणि जळगाव जिल्ह्यात विटनेरला संपूर्ण बायकांच्या ग्रामपंचायती आल्याही.

मग लक्ष्मीमुक्ती. मला विचाराल तर या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच. विचार साधा. शेतकरी सरकारला म्हणतो, आमच्या घामाचं मोल तू दिलं नाहीस, आमचं देणं चुकतं कर. ठीक. पण तुझ्या घरात जी बाई तुझ्याबरोबर, तुझ्याहून जास्त राबते, तिच्या घामाचं मोल तू दिलंस का? तिचं देणं तुझ्यावर आहे, ते फेडल्याशिवाय सरकारकडे तोंड वर करून मागायचा तुला काय हक्क? म्हणून जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करा. तिच्यावर उपकार म्हणून नाही, तिचं ऋण फेडायचं म्हणून. ज्या गावात शंभर किंवा जास्त शेतकरी असं करतील ते ‘लक्ष्मीमुक्ती गाव’, आणि त्या गावाला शरद जोशी स्वतः जाणार. कुठलं सरकारी अनुदान नाही, कायद्याची सक्ती नाही. आणि गावोगाव लोकांनी केलं! माणसं तलाठ्याकडे गेली आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवून आली. महाराष्ट्रात, १९९० च्या आगेमागे! जगात असं दुसरीकडे घडलं असेल तर मला सांगा, मी तेही वाचीन.

माझ्या मामीच्या नावावर जमीन आहे. आमच्याकडे सगळे समजत होते की कर्जाच्या सोयीसाठी मामानं केलं असेल. कर्जाची सोय! तो सातबारा लक्ष्मीमुक्तीचा निघाला.

आता दिल्ली. इथे गोष्ट किचकट होते आणि मला ती आणखी आवडायला लागते. सुरुवातीच्या काळात मत मागायला आलो तर जोडे मारा असं सांगणारे शरद जोशी पुढे निवडणुकीच्या राजकारणात आले, आणि हे वाक्य विरोधकांनी त्यांना आयुष्यभर ऐकवलं. २ ऑक्टोबर १९८९ ला दिल्लीच्या बोट क्लबवर देशभरच्या शेतकऱ्यांचा मेळावा होता. तिथे उत्तर प्रदेशचे महेंद्रसिंह टिकैत आणि शरद जोशी यांची फाटाफूट भर व्यासपीठावर झाली, आणि देशाची एकच शेतकरी संघटना हे स्वप्न तिथेच विरलं. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारनं १९९० मध्ये त्यांना कृषी सल्लागार समितीचं अध्यक्षपद दिलं, कॅबिनेट मंत्र्याच्या दर्जासह. पुढे वाजपेयींच्या काळात ते शेतीविषयक कार्यबलाचे अध्यक्ष झाले. १९९४ मध्ये त्यांनी स्वतःचा स्वतंत्र भारत पक्ष काढला. निवडणुका लढवल्या, हरले. लाखाच्या सभा घेणारा माणूस मतपेटीत हरत राहिला. सभेला आलेली माणसं मत द्यायच्या वेळी जातीकडे, पाहुण्यारावळ्यांकडे, कारखान्याच्या चेअरमनकडे वळली, असं मामा कडवटपणे सांगतो.

त्याच दशकात शेतीमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावावरून देशभर रान उठलं. डावे, उजवे, बहुतेक सगळ्या शेतकरी संघटना विरोधात. आणि शरद जोशी बाजूनं! कारण पुन्हा ती वही. त्यांनी दाखवलं की भारतीय शेतकऱ्याला सरकार जी सबसिडी देतं असं म्हणतं, ती प्रत्यक्षात उणे आहे. सवलत म्हणून हातावर जे ठेवलं जातं त्यापेक्षा कितीतरी जास्त भाव पाडून काढून घेतलं जातं. मग बाजार खुला झाला तर शेतकऱ्यानं घाबरायचं कशाला? त्याचं नुकसान बाजारानं केलेलंच नाही, बाजार बंद ठेवणाऱ्यानं केलं आहे. यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. छोट्या शेतकऱ्यानं जागतिक बाजारात कुणाच्या जिवावर उभं राहायचं, हा प्रश्न मला सोडत नाही. पण टाळ्या जिकडे आहेत तिकडे न जाता गणित जिकडे नेईल तिकडे जाणारा नेता आपल्याकडे होऊन गेला, ही गोष्टच मला हर्षवायू व्हावा इतकी मोठी वाटते. आणि कांद्याचं म्हणाल तर ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं पुन्हा निर्यातबंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली तेव्हा त्या जागी निर्यातशुल्क आणि किमान निर्यातमूल्य होतं. १९७८ चा चाकणचा कांदाबाजार आणि २०२३ चा लासलगावचा. पंचेचाळीस वर्षांत पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले, ही चाल तेवढी बदलली नाही.

२००४ ते २०१० शरद जोशी महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते, शिवसेना-भाजपच्या पाठिंब्यानं. यावरून संघटनेत वादळ झालं, राजू शेट्टींसारखे कार्यकर्ते वेगळे झाले. राज्यसभेत त्यांनी एक खासगी विधेयक आणलं. पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं, ही अट काढा, अशी मागणी. ज्याचा समाजवादावर विश्वास नाही त्यानं खोटी शपथ का घ्यायची?  विधेयक मंजूर झालं नाही, पण किती स्वच्छ प्रश्न आहे हा!

आणि ९ मार्च २०१०. महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत मताला आलं. बाजूनं १८६. विरोधात १. तो एक शरद जोशी.

चांदवडवाला माणूस, लक्ष्मीमुक्तीवाला माणूस महिला आरक्षणाविरुद्ध? मी त्या पानावर कितीतरी वेळ अडले. मग त्यांचा मुद्दा वाचला. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरता राहणार. आज निवडून आलेल्या बाईला पुढच्या वेळी तो मतदारसंघ मिळेल याची खात्री नाही, मग ती तिथे मुळं कशी रोवणार, लोकांशी बांधिलकी कशी ठेवणार? चिठ्ठी टाकून आलेल्या जागेवर नेत्यांच्या घरातल्या बायका बसतील आणि खऱ्या कार्यकर्त्या मागे राहतील, ही त्यांची भीती. बाईनं राजकारणात यावं हे तर त्यांनीच चांदवडला म्हटलं होतं. त्यांचा आक्षेप पद्धतीला होता, आणि १८६ विरुद्ध १ असं दिसत असतानाही त्यांनी विरोधात मत द्यायचं ते दिलंच.

मी मामीला हे सांगितलं. मला वाटलं ती साहेबांची बाजू घेईल. ती फणकारली. “ते म्हणत असतील. पण आरक्षण नसतं तर मी सरपंच झाले असते का गं? चांदवडला जाऊन आलेल्या किती जणींना पुढं कुणी खुर्ची दिली? खुर्ची आरक्षणानं दिली.” मामा म्हणाला, साहेब फिरत्या आरक्षणाबद्दल बोलत होते, तू नीट ऐक. मामी म्हणाली, माझी पाच वर्षं झाली आणि वॉर्ड फिरला, ते मला ठाऊक आहे, मला काय सांगता? म्हणजे साहेबांचंच खरं ना, असं मामा. आणि मग फोन स्पीकरवर ठेवून ते दोघं आपसात असे काही भांडले, असं मुद्देसूद, तारखा आणि नावं घेऊन, की माझ्या कार्यालयातल्या कुठल्या बैठकीत मी इतकी सकस चर्चा ऐकलेली नाही. दहावीही न झालेली दोन माणसं! ही भाषा, हा तर्क त्यांच्याकडे कुठून आला, हे मला आता माहीत आहे.

१२ डिसेंबर २०१५ ला पुण्यात शरद जोशी गेले. मी तेव्हा पुण्यातच होते, महाविद्यालयात. वर्गात एका शब्दानं कुणी काही बोललं नाही, याचा मला आज राग येतो. आणि वाचायचं अजून किती बाकी आहे! १९९१ च्या शेगाव मेळाव्यातली चतुरंग शेतीची कल्पना मी नुकतीच उघडली आहे. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती, निर्यातशेती. म्हणजे बाईच्या हातची जमीन आणि विषाविना अन्न, घरात होणारी प्रक्रिया, गावकऱ्यांनी मिळून केलेला व्यापार आणि थेट परदेशी बाजार. शेतकरी उत्पादक कंपन्या आज जे करू बघतात त्याचा आराखडा तेव्हाच मांडलेला! राज्यसभेतली त्यांची भाषणं मी आता एकेक करून शोधते आहे. आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचं एक जुनं मंदिर आहे, रामाविना एकट्या सीतेचं. त्याचा जीर्णोद्धार शरद जोशींनी केला, आणि एकट्यानं संसार ओढणाऱ्या बायकांचा तिथे सत्कार होत असे. दिवाळीनंतर कांद्याची लागण उरकली की मी तिकडे जाणार आहे. मामा गाडी काढतो म्हणाला. मामी म्हणाली, तू घरी थांब, पाण्याची पाळी बघ, आम्ही दोघी एसटीनं जातो.